कारवानी पिल्लू घ्यायचंय, ब्रीडर पारखायचा कसा? (ठाणे)

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

आम्ही कासारवडवलीला राहतो. सहावा मजला, दोन बेडरूम, माणसं चार: मी, बायको, नववीतला मुलगा आणि आई. माझं आजोळ जतकडचं. मामाच्या वस्तीवर कारवानी कुत्री असायची. उंच, काटकुळी, पोट पाठीला गेलेलं. दुपारभर भिंतीच्या सावलीत मेल्यासारखी पडलेली आणि तिन्हीसांजेला बांधावर काही हललं की दिसेनाशी. तेव्हापासून मनात आहे. आता मुलगा मागे लागलाय, मलाही निमित्त मिळालं. शिकार करायची नाहीये हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्यावरून धागा पेटायला नको.

गेल्या आठवड्यात एका ऑनलाइन जाहिरातीवर फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न "नर की मादी?", दुसरा "रोख की यूपीआय?" पिल्लू केवढं आहे विचारलं तर "पस्तीस दिवस, एकदम अ‍ॅक्टिव्ह". बघायला येतो म्हटलं तर म्हणाला, "कशाला त्रास घेता, मानपाड्याच्या पुलाखाली गाडीतून आणून देतो, वंशावळीच्या पेपरसकट." आईने शेजारून ऐकलं आणि म्हणाली, "पुलाखाली गाडीतून काय आणून देतात ते मला माहितीये. कुत्रं नसतं ते."

तर, चांगला ब्रीडर ओळखायचा कसा? पेपर असले म्हणजे झालं का? आणि मुळात फ्लॅटमध्ये हा कुत्रा ठेवावा का? अनुभवी लोकांनी लिहा.

तिरपा_डोळा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. दहाव्या प्रतिसादाच्या आत 'रस्त्यावरचं का नाही घेत' येणार.

पक्का_ठाणेकर

दहाव्याची वाट कशाला? रस्त्यावरचं का नाही घेत? तुमच्याच सोसायटीच्या गेटबाहेर चार पिल्लं कुडकुडत असतील. पैसे मोजून जीव विकत घेणं मला पटत नाही.

तिरपा_डोळा

:D दुसऱ्यातच!

खारघरची_माई

आमच्याकडे सहा वर्षांपासून बीगल आहे. 'छोटा आहे, लहान मुलांशी चांगला असतो' एवढंच ऐकून आणला. हे सशाच्या वासावर टोळीने धावणारं शिकारी कुत्रं आहे, असं कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

एका रविवारी बेलापूरला नणंदेकडे गेलो होतो. संध्याकाळी ह्यांनी त्याला फिरायला नेलं. पट्टा हातातून सुटला आणि स्वारी नाक जमिनीला लावून जी निघाली ती थेट दिवाळे गावात. मागून हे, मागून मी चपला हातात घेऊन. शेवटी सापडला तो सुकत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीखाली. मागच्या दोन पायांवर उभा राहून खालची रांग जवळजवळ साफ केली होती. त्या मावशींनी आधी मला यथेच्छ सुनावलं, मग त्याचा चेहरा बघून स्वतःच अजून एक बोंबील काढून दिला. पैसे द्यायला लागले तर म्हणाल्या, "त्याचे नको, तुमच्या नवऱ्याचे द्या, तोच पट्टा सोडून मोबाइल बघत होता."

मुद्दा एवढाच की नाकावर चालणाऱ्या कुत्र्याला एकदा वास लागला की हाका ऐकू येत नाहीत. कारवानी डोळ्यांवर चालतो, तिथे पळणारं काही दिसलं की कान बंद. जात निवडताना त्याचं मूळ काम काय होतं ते आधी बघा. ते काम फ्लॅटमध्ये आणलं म्हणून अंगातून जात नाही.

डॉ_शेपूट

माई, दंडवत. बीगलच्या धन्यांकडे गोष्टींचा तुटवडा कधीच नसतो.

धागाकर्ते, पस्तीस दिवस ऐकल्यावर फोन ठेवला असेल अशी आशा आहे. पेशाने पशुवैद्य आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

२०१७ चे केंद्राचे श्वान प्रजनन व विक्रीचे नियम आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली हवी. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून वीत (पिल्लांची खेप) घ्यायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त विती नाहीत. म्हणजे पहिल्याच फोनवर विचारायच्या गोष्टी झाल्या: नोंदणी दाखवा, आईचं वय किती, ही कितवी वीत. टाळाटाळ झाली तर तिथेच राम राम.

आठ आठवड्यांमागे कारण आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं भावंडांशी मारामारी करून चावा कुठे थांबवायचा ते शिकतात. जोरात चावलं की समोरचं केकाटतं, खेळ बंद होतो. ते न शिकलेलं पिल्लू पुढे तुमच्या मुलाच्या हातावर शिकतं.

दुसरं पार्वो, पिल्लांना मारणारा विषाणूजन्य आजार. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाने असंच गाडीतून पोचवलेलं पिल्लू घेतलं. लसीचं कार्ड होतं, त्यावर स्टिकरही होता, पण ना तारीख, ना डॉक्टरची सही. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब. आठवडाभर सलाइनवर ठेवलं, वाचलं नाही. विकणाऱ्याने नंबर बंद करून टाकला. त्यांना वर हेही सांगावं लागलं, की हा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो, तेव्हा लस न झालेलं दुसरं पिल्लू इतक्यात आणू नका. ती बाई तेव्हा जास्त रडली.

घोडबंदरकर

बापरे. फोन ठेवला होता डॉक्टर, पण खरं सांगायचं तर मनात चलबिचल चालू होती. फोटो फार गोड होता.

डॉ_शेपूट

गोड असतातच. बऱ्याचदा तोच फोटो चार शहरांत फिरत असतो.

माणदेशी

आमच्या घरी तीन पिढ्या कारवानी आहेत. गावी चार आणि इथे कोपरखैरण्यात माझ्याजवळ एक मादी. त्यामुळे हक्काने लिहितो.

पेपरवर जाऊ नका. आमच्या भागातली उत्तम कुत्री कुठल्याच क्लबच्या वहीत नाहीत. वंशावळ माणसांच्या तोंडी असते, "ही अमक्या वस्तीवरच्या काळीची नात" अशी. दुसरीकडे शर्यतीच्या नादाने ग्रेहाउंडचं रक्त घातलेली कुत्री 'प्युअर कारवान' म्हणून खपवतात. ती पळतात छान, पण आपल्या उन्हातान्हात, काट्याकुट्यात आणि भाकरीवर निभावतीलच असं नाही.

बघायचं असेल तर आई बघा. ती अनोळखी माणसाशी कशी वागते ते नीट बघा. कारवानी कुत्री गळ्यात पडत नाही, लांब उभी राहून तुम्हाला जोखते. ते ठीक. पण शेपूट पोटाखाली घालून थरथरत कोपऱ्यात जात असेल किंवा उगाच अंगावर धावत असेल, तर पिल्लू कितीही देखणं असो, उठा आणि घरी या. आमचे थोरले मामा पिल्लू उचलायचेच नाहीत. तासभर बाजेवर बसून विडी ओढायचे आणि पिल्लं काय करतात ते बघायचे. मग एखाद्याला मांडीवर घेऊन कमरेच्या वरच्या दोन हाडांमध्ये बोटं ठेवायचे. जागा रुंद असली की मान हलवायचे. त्यात शास्त्र किती आणि सवय किती, मला माहीत नाही.

डॉ_शेपूट

माणदेशी, आई बघण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पेपरबद्दल अर्धा सहमत.

पेपर म्हणजे वंशाची नोंद, तब्येतीची हमी नव्हे. पण त्यातून एक कळतं: आई-बापाची नावं. आजोबा दोन्हीकडून एकच निघाला तर कळतं. तोंडी वंशावळीत नेमकं तेच गाळलं जातं, कारण गावातला नावाजलेला नर एकच असतो आणि सगळे त्यालाच लावतात. पेपर घेताना मात्र मायक्रोचिपचा नंबर कागदावरच्या नंबराशी स्कॅनर लावून जुळवून घ्या. एका वितीचे कागद दुसऱ्याच पिल्लांबरोबर गेलेले मी पाहिले आहेत.

माणदेशी

नावाजलेल्या नराबद्दल बरोबर बोललात. आमच्या गावात तसा एक होता. दहा वर्षांत तो निम्म्या तालुक्याचा जावई.

वाशीची_वेणू

थांबा, गोंधळ झालाय. मुधोळ हाउंड आणि कारवान एकच का वेगळे? आणि तो झुपकेदार कानांचा असतो तो कोणता?

आबा_कोपरी

एकच, वेणूताई. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी कॅरॅव्हॅन हाउंड, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी मुधोळ हाउंड. कान-शेपटीला झुलपं असलेला तो पश्मी.

मुधोळ हे नाव संस्थानावरून. हल्ली बागलकोट जिल्ह्यात येतं. तिथले राजे घोरपडे, आपलेच. मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जपली, वाढवली. इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, जोडी भेट दिली म्हणतात, तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झालं. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. माझ्या संग्रहात चारही आहेत. कोणाला बघायची असतील तर कोपरीला यावे, चहा मिळेल.

अवांतर: साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं अशी कथा सांगतात. आपल्याकडे कुत्र्याला समाधी मिळाली, पण जातीची नोंद ठेवायला साहेब यावा लागला.

पक्का_ठाणेकर

आबा, खंड्या कुठल्या जातीचा होता?

आबा_कोपरी

समाधीवर कागद लावलेले नाहीत.

तिरपा_डोळा

आबा _/\_

उरणचा_उनाड

मी काय म्हणतो, गावाकडे रानडुकरं शेतीची वाट लावतात. अशी दोन कुत्री शेतावर ठेवली आणि एखादा ससा धरलाच त्यांनी, तर कोण बघतंय?

रानवाटा

वनखातं बघतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत नुसतं ठार मारणं नाही, प्राण्याच्या मागे लावणं, हाकणं, पकडण्याचा प्रयत्न करणं हे सगळं येतं. ससाही संरक्षित आहे. 'कुत्र्याने धरला, मी नाही' हे तिथे चालत नाही. रानडुकरांच्या नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज करता येतो, कुत्र्याला गोवू नका.

धागाकर्त्यांना वेगळी काळजी सांगते. घोडबंदरला राहता म्हणजे येऊरचं जंगल तुम्हाला जवळ. 'रविवारी पहाटे येऊरला नेऊन मोकळं सोडू' असं मनात आलं असेल तर काढून टाका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे कुत्रा न्यायचाच नसतो. आणि तिथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. तुमचा कारवानी हरणामागे जाईल, आणि बिबट्या त्याच्यामागे.

घोडबंदरकर

मनात आलं होतं. :( काढून टाकलं. मग पळवायचा कुठे?

माणदेशी

सगळीकडून कुंपण असलेलं मैदान शोधायचं, तेही पहाटे पाचला, पोरं क्रिकेटला यायच्या आत. मी लांब दोरीला प्लास्टिकची पिशवी बांधून ओढतो. माझी मादी चार-पाच धावा मारते, मग जीभ काढून बसते आणि घरी येऊन दहा तास झोपते. ही कुत्री दिवसभर नाचत नाहीत, तो गैरसमज आहे. घरात आळशी, सोफ्यावर तुमच्याआधी. अंगावर मांस नाही म्हणून खाली मऊ अंथरूण लागतं, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. मोकळ्या रस्त्यावर मात्र कधीच सोडायचं नाही. पामबीचला एकाचं कुत्रं मांजरामागे गेलं, गाडीखाली आलं. पुढचं लिहीत नाही.

ठाणे_पूर्व_सेक्रेटरी

सोसायटीत मोठ्या कुत्र्याला परवानगी घेतली का? आमच्याकडे ठराव आहे. लिफ्ट वापरायची नाही.

रानवाटा

तुमचा ठराव तुमच्याजवळ ठेवा. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच लेखी कळवलंय. सहाव्या मजल्यावरून जिन्याने? आधी सेक्रेटरींनी आठवडाभर करून दाखवावं.

ठाणे_पूर्व_सेक्रेटरी

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

नेरुळची_नीलू

लॅब्राडॉरही शिकारीच बरं का. गोळी घातलेलं पाखरू पाण्यातून, दात न लावता आणून द्यायचं हे त्याचं काम. आमचा रोज घरी येणाऱ्या प्रत्येकाची चप्पल त्याच पद्धतीने आणून देतो. ओली असते, पण फाटलेली नसते. धागाकर्ते, पहिलंच कुत्रं असेल तर लॅबचा विचार करा, फक्त आईबापाच्या खुब्याचे एक्सरे मागा. आम्ही मागितले नव्हते. चौथ्या वर्षापासून जिने बंद.

पक्का_ठाणेकर

बघा, सगळ्यांच्या गोष्टींत जातिवंत म्हणून आणलेल्या कुत्र्यांचेच हाल. माझी गावठी अकरा वर्षांची आहे, आजवर एकदा डॉक्टरकडे गेली, तीही डॉक्टरला चावायला.

डॉ_शेपूट

तो मीच असणार. :)

ठाणेकर, गावठी काटक असतात हे खरंच, आणि पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी बहुतेक वेळा तेच सुचवतो. पण या माणसाला लहानपणापासून एकच कुत्रं हवंय. त्याने ते चुकीच्या ठिकाणाहून घेऊ नये यासाठी धागा आहे.

पिल्लू प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हाचं सांगतो. आधी जागा बघा. नाकाला फिनेल फारच लागलं तर काहीतरी आत्ताच धुतलंय. दूध पाजणारी आई तिथे हवी, तिचे सड उतरलेले दिसले पाहिजेत. 'आई गावाला आहे' म्हणजे ही पिल्लं दुसरीकडून आणलेली. बाकीचं अंग बारीक आणि पोट तेवढं माठासारखं असेल तर जंत. ओठ उचला, हिरड्या गुलाबी हव्यात, पांढुरक्या असतील तर रक्त कमी, बहुतेक वेळा गोचिडांमुळे. कानाच्या आतल्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. आपल्या दमट हवेत गोचीडताप हा पावसाळ्यानंतरचा माझा रोजचा धंदा आहे. मग पाठ फिरवून किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाका. दचकून पळालं आणि लगेच वास घ्यायला परत आलं, ते पिल्लू चांगलं. पळून परत न येणारं राहू द्या, आणि ढिम्म न हललेल्याचे कान तपासून घ्या.

कारवानीसाठी एक खास. अंगावर चरबी जवळपास नसल्याने भुलीच्या काही जुन्या औषधांतून ही कुत्री उशिरा बाहेर येतात. नसबंदीच्या आधी डॉक्टरला जात आठवणीने सांगा.

वाशीची_वेणू

हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावला. कुत्रं नाहीये आमच्याकडे, तरी.

आबा_कोपरी

सरकारी ठिकाणही सांगून ठेवतो. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं या जातीसाठीचं केंद्र आहे. पिल्लं तिथेही मिळतात, आधी नाव नोंदवावं लागतं. २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रानेही मुधोळ पिल्लं प्रशिक्षणाला घेतली होती.

खारघरची_माई

धागाकर्ते गायब? घेतलं वाटतं पुलाखालून.

घोडबंदरकर

(अडीच महिन्यांनी)

माई, नाही घेतलं. उशिराबद्दल क्षमस्व.

माणदेशींनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) एका ब्रीडरचा नंबर दिला होता. गेल्या शनिवारी आम्ही चौघं गेलो, मिरजेच्या पुढे. गृहस्थ पंचावन्न-साठीचे, द्राक्षबाग आहे. दारात तीन कुत्री, एकही भुंकलं नाही. मी यादी घेऊन गेलो होतो, पण प्रश्न विचारायची संधीच मिळाली नाही. तेच विचारत होते. दुपारी घरी कोण असतं? गॅलरीला जाळी आहे का? याआधी काय पाळलंय? पोरगं दहावीला गेल्यावर कुत्रं कोण फिरवणार? मग आईला म्हणाले, "तुम्हाला चालणारे का आजी? हे सगळे जातील हापिसला, तुमच्याच गळ्यात येईल." आई म्हणाली, "मी याच कुत्र्यांत वाढले, तुम्ही माझी काळजी करू नका." मग ते दोघं भाकरीत ताक घालावं की दूध यावर अर्धा तास बोलले. मी आणि यादी बाजूला.

पिल्लं नव्हतीच. ज्या मादीची हवी ती साडेतीन वर्षांची, एकच वीत झालेली. येत्या माजाला तिला लावणार नाहीत, त्याच्या पुढच्याला. म्हणजे वर्ष तरी गेलं. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. "पिल्लं झाली की कळवतो, सहा आठवड्यांची झाली की एकदा बघून जा, नऊ झाल्यावर न्या. मादीच देईन, पहिल्यांदा पाळताय." नोंदणीचा कागद न मागता आतून आणून दाखवला, डॉक्टर.

निघताना ती मादी वीस मिनिटं लांबून बघत होती ती उठली, मुलाजवळ आली, त्याच्या हाताचा वास घेतला आणि मांडीला टेकून उभी राहिली. त्याने हात लावला नाही, कोणी सांगितलं नसताना. येताना पुण्यापर्यंत गप्प होता.

आता एक बारीक प्रश्न. त्यांच्याकडच्या कुत्र्यांच्या गळ्यात चांगले रुंद पट्टे होते. ते कशाला?

माणदेशी

बरं झालं गेलात. त्यांचा मला त्याच रात्री फोन आला होता, "म्हातारी चांगली आहे" म्हणाले. तुमच्याबद्दल काही बोलले नाहीत.

पट्ट्याचं असं आहे, या कुत्र्याची मान लांब आणि डोकं मानेपेक्षा अरुंद. साधा पट्टा घातला की मागे झुकून डोकं काढून घेतं, तुमच्या हातात नुसती साखळी. शिवाय एकदम झेप घेतली तर बारीक पट्टा गळ्यात रुततो. म्हणून चार बोटं रुंद, मऊ चामड्याचा, ओढलं की थोडा आवळणारा. दुकानात मार्टिंगेल म्हणून मागा.

घोडबंदरकर

घेऊन ठेवू का आत्ताच?

माणदेशी

मान दर महिन्याला वाढते हो. आधी गॅलरीला जाळी मारा.